आवाजाचं श्रमदान



रात्रीची जेवणं झाली असतील, भांडी पालथी पडली असतील. आता जरा भिंतीला टेका. आज मी तुम्हाला पुस्तकांचा इतिहास सांगणार आहे. पण वाचायच्या पुस्तकांचा नाही, ऐकायच्या पुस्तकांचा. आणि त्या पुस्तकांना ज्यांनी एक पैसा न घेता आपला आवाज दिला, त्या माणसांचा.

पुस्तक ऐकणं आपल्याला काही नवं नाही. श्रावण लागला की घरोघर पोथी लागते. शिवलीलामृत, हरिविजय, नवनाथ. एक जण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला तोंडपाठ होता. तो सगळा कानानं आलेला. म्हणजे ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, हा रिवाज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त वाचणारा बहुतेक वेळा पुरुष असायचा आणि ऐकणाऱ्या बाया.

मला हा विषय सुचला तो माझ्या सासूबाईंमुळे. त्या चौथी शिकलेल्या, पण वाचनाचं भारी वेड. वाण्याकडून साखरेची पुडी आली तर साखर डब्यात ओतून आधी पुडीचा कागद वाचायच्या. पुढं काचबिंदूनं त्यांची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. त्या दिवशी एसटीतून घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "आता माझं वाचन संपलं." डोळे गेले असं नाही म्हणाल्या. वाचन संपलं असं म्हणाल्या.

मग मी रोज रात्री पंधरा मिनिटं त्यांना वाचून दाखवायला लागले. पण पेरणी आली, खुरपणी आली की चार-चार दिवस वाचन राहायचं. त्या कधी बोलल्या नाहीत, पण वाट बघायच्या. तेव्हा माझ्या मुलीनं सुचवलं, "आई, तू वाचून फोनमध्ये भरून ठेव ना. आजी पाहिजे तेव्हा ऐकेल." ते करताना मला कळलं, की हे काम माझ्याआधी जगात कितीतरी लोकांनी केलं आहे.

आता त्यांची गोष्ट ऐका.

अमेरिकेत थॉमस एडिसन नावाचा संशोधक होता. विजेच्या दिव्यामुळे त्याचं नाव आपल्याला माहीत आहे. त्यानं 1877 साली आवाज साठवून परत ऐकवणारं यंत्र तयार केलं, फोनोग्राफ. या यंत्राचा उपयोग कशाकशासाठी होईल याची यादी त्यानं पुढच्याच वर्षी छापली. त्यात गाणी होती, पत्रं होती, आणि अंध माणसांसाठी बोलणारी पुस्तकंही होती. पण तेव्हा यंत्रात मिनिट-दोन मिनिटांचाच आवाज मावायचा. अख्खं पुस्तक त्यात कसं बसणार? पुढं ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या, तरी एका बाजूला चार-पाच मिनिटंच. गाणं बसायचं, पुस्तक नाही.

मग 1914 ते 1918 असं पहिलं महायुद्ध झालं. विषारी वायू आणि तोफगोळ्यांनी हजारो तरुण सैनिकांचे डोळे गेले. अंधांसाठी ब्रेल लिपी होती, उठावाचे ठिपके बोटांनी चाचपून वाचायची. पण लहानपणी शिकली तर ती बोटात बसते. विशी-पंचविशीत नजर गेलेल्या, बंदुका धरून हात राठ झालेल्या माणसांना ती जड गेली. खुरप्यानं घट्टे पडलेली आपली बोटं आठवा, म्हणजे कळेल. तेव्हा या लोकांसाठी पुस्तकं बोलती करा, अशी मागणी जोर धरायला लागली.

1934 साली अमेरिकेत आणि 1935 साली इंग्लंडमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली. इंग्लंडमधली तबकडी मुद्दाम संथ फिरवलेली, म्हणजे एका बाजूला पंचवीस मिनिटं वाचन मावायचं. तरी एका कादंबरीला दहा-दहा तबकड्या लागायच्या. टपालानं लाकडी पेटीतून यायच्या आणि ऐकून झाल्या की परत जायच्या. पुस्तक कुठलं बोलतं करायचं हे संस्था ठरवायची आणि वाचायला कसलेला आवाज निवडला जायचा. तुमच्या-माझ्यासारखीनं यात काही करायला जागा नव्हती.

ती जागा केली एका बाईनं, आणि मला ही गोष्ट सगळ्यात आवडते. दुसरं महायुद्ध 1945 साली संपलं. अमेरिकेच्या सरकारनं कायदा केला होता, की युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेजचं शिक्षण सरकारी खर्चानं मिळेल. नजर गेलेल्या सैनिकांनाही तो हक्क होता. फी भरली जाईल, पण पुस्तक कोण वाचून दाखवणार? रंजनाच्या कादंबऱ्या तबकड्यांवर होत्या, पण कायद्याचं, गणिताचं, इतिहासाचं पाठ्यपुस्तक कोणी बोलतं केलं नव्हतं. या मुलांनी न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाला पत्रं पाठवली. ग्रंथालयाला मदत करणारं बायकांचं एक मंडळ होतं, त्यात अ‍ॅन मॅकडोनल्ड नावाच्या बाई होत्या. त्यांनी ती पत्रं मनावर घेतली. 1948 साली त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी ग्रंथालयाचा माळा झाडून घेतला आणि तिथंच ध्वनिमुद्रणाची जागा केली. सहा इंची प्लास्टिकच्या तबकड्या होत्या, एका बाजूला साधारण बारा मिनिटं. एकेक मुलगा, त्याचं एकेक पुस्तक, असं काम सुरू झालं. शिक्षण हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, असं अ‍ॅनबाई मानायच्या. 1952 पर्यंत अमेरिकेतल्या आणखी सात शहरांत अशी केंद्रं उभी राहिली.

बघा, या बायकांनी सैनिकांसाठी निधी गोळा केला असता, स्वेटर विणले असते, तरी लोकांनी वाहवा केली असती. त्यांनी स्वतःला येत होतं ते दिलं. त्यांना वाचता येत होतं. आपण रस्त्यासाठी, बंधाऱ्यासाठी श्रमदान करतो ना, तसं हे आवाजाचं श्रमदान.

आपल्याकडेही हे झालं. 1952 साली मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था सुरू झाली. तिच्या बोलक्या पुस्तकांसाठी कितीतरी माणसांनी वेळ काढून कॅसेटवर पुस्तकं वाचून दिली.

पण एक अडचण सगळीकडे होती. पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो. त्याला कॉपीराइट म्हणतात. त्याच्या परवानगीशिवाय पुस्तक छापता येत नाही आणि वाचून, आवाज भरून वाटताही येत नाही. हे योग्यच आहे. ज्यानं शेत कसलं त्याला पीक मिळालं पाहिजे. पण हा हक्क कायमचा नसतो. आपल्या देशाच्या 1957 च्या कायद्याप्रमाणे लेखक असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढची काही वर्षं हक्क त्याचा आणि त्याच्या वारसांचा. आधी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर 1941 साली गेले. त्यांच्या पुस्तकांची मुदत संपली आणि चर्चा झाली, तेव्हा 1992 साली ती साठ वर्षं केली. मोजणी लेखक गेल्यानंतरच्या 1 जानेवारीपासून होते. साठ वर्षं भरली की पुस्तक मोकळं होतं. मग ते गावच्या गायरानासारखं. कोणा एकाचं नाही, सगळ्यांचं.

एक सांगितलं पाहिजे. 2012 साली आपल्या कायद्यात सुधारणा झाली. ज्यांना दिसत नाही किंवा अपंगत्वामुळे छापलेलं वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हक्कातलं पुस्तकही नफा न घेता वाचून देता येतं. जगातल्या देशांनी 2013 साली मोरोक्कोतल्या मराकेश शहरात असाच करार केला, आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. पण ही सवलत फक्त त्यांच्यापुरती. सगळ्या गावाला ऐकवायचं असेल तर पुस्तक मोकळंच पाहिजे.

अशी मोकळी पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली मायकेल हार्ट या तरुणानं. 4 जुलै 1971 रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर स्वतः टाइप केला आणि सगळ्यांना खुला केला. त्यातून प्रोजेक्ट गुटेनबर्ग हे हजारो पुस्तकांचं फुकट ग्रंथालय उभं राहिलं. पण ती वाचायची पुस्तकं होती. ऐकायची नव्हती.

2005 साली कॅनडातल्या माँट्रियल शहरात ह्यू मॅग्वायर नावाच्या लेखकाला एका लांबच्या प्रवासात ऐकायला जुनं पुस्तक पाहिजे होतं. फुकट मिळणारं असं फार काही सापडेना. त्यानं इंटरनेटवरून लोकांना हाक दिली, की आपणच एक पुस्तक वाटून घेऊन वाचू या. जोसेफ कॉनरॅड या लेखकाची जुनी कादंबरी घेतली आणि ओळखीच्या-अनोळखी माणसांनी एकेक-दोन दोन प्रकरणं वाचून पाठवली. पुस्तक पुरं झालं. या कामाला नाव दिलं लिब्रिवॉक्स, म्हणजे पुस्तकांचा आवाज. आज तिथं पंधरा हजारांहून जास्त पुस्तकं आहेत. कोणीही ऐकावीत, कोणीही उतरवून घ्यावीत, पैसे नाहीत. वाचणाऱ्यांनीही आपल्या आवाजावर हक्क ठेवलेला नाही. मोकळं पुस्तक घेतलं, मोकळंच परत दिलं.

त्यांची पद्धत ऐकलीत तर तुम्हाला आपला बचत गट आठवेल. पापडाची मोठी ऑर्डर आली की आपण कशी वाटून घेतो? कोणी पीठ मळतं, कोणी लाटतं, कोणी वाळवतं, आणि एक जण शेवटी मोजून, फुटके बाजूला काढून पिशव्या भरते. तिथंही एक जण पुस्तकाची जबाबदारी घेते. बाकीच्या प्रकरणं वाटून घेतात. आणि एक जण पुस्तक समोर धरून सगळं ऐकते. ओळ सुटली का, वाक्य दोनदा आलं का, मध्येच कुत्रं भुंकलं का, हे बघते. चूक असेल तर तेवढं परत वाचायचं.

पण एक गोष्ट ती बघत नाही. तुमचा आवाज गोड आहे का, उच्चार कुठल्या गावचा आहे, हे ती बघत नाही. तिथं वाचायला परीक्षा नाही. नवीन माणसाकडून फक्त मिनिटभराचा नमुना मागतात, तोही आवाज नीट भरला जातोय ना एवढं तपासायला. एकाच पुस्तकात एक प्रकरण एका देशातल्या बाईच्या बोलीत, दुसरं दुसऱ्या देशातल्या आजोबांच्या बोलीत, असं ऐकायला मिळतं. काहींना ते आवडत नाही. चालेल. ज्यांना एकच कसलेला आवाज पाहिजे त्यांनी विकतचं ऐकावं. इथं दार सगळ्यांना उघडं आहे.

हे मला कळलं तेव्हा माझ्या मनातली एक जुनी गाठ सुटली. खूप वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका वाचनाच्या स्पर्धेत मी भाग घेतला होता. परीक्षक म्हणाले, "वाचन बरं आहे, पण उच्चार गावठी आहेत. 'न' आणि 'ण' नीट होत नाही." सगळे हसले. त्यानंतर मी चार माणसांत मोठ्यानं वाचलं नाही. सासूबाईंसाठी आवाज भरायला बसले तेव्हाही तेच आठवलं, आणि मी एकेक ओळ तीन-तीनदा वाचायला लागले. सासूबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, 'न' आणि 'ण' कोण बघतंय? पुढं काय झालं ते वाच."

आता आपल्या भाषेत काय मोकळं आहे ते बघू. आपलं खजिन्याचं घर मोठं आहे.

मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतिरावांच्या शाळेत शिकणारी मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' 1882 साली निघालं. सगळे दोष बाईच्याच माथी का, असा सरळ सवाल त्यांनी विचारला, आणि तो आजही शिळा झालेला नाही. रमाबाई रानडे 1924 साली गेल्या. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे त्यांचं पुस्तक 1910 सालचं. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 'श्यामची आई' 1 जानेवारी 2011 पासून मोकळी झाली. त्या पुस्तकात प्रकरणाला प्रकरण म्हटलेलंच नाही, 'रात्र' म्हटलं आहे, कारण ती रोज रात्री मंडळींनी ऐकलेली गोष्ट आहे. आणि आपल्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्या जात्यावर, शेतात बोलत गेल्या आणि घरातल्यांनी लिहून घेतलं. त्या 1951 साली गेल्या आणि गाणी पुस्तकरूपानं 1952 साली आली. लेखक गेल्यावर छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात. म्हणून ते पुस्तक 2013 पासून मोकळं आहे. तोंडातून आलेलं कागदावर गेलं, ते परत तोंडात आणायचं काम आपलं.

दोन गोष्टी सांभाळायच्या. जुन्या पुस्तकाला नव्या माणसानं प्रस्तावना लिहिली असेल, टीपा दिल्या असतील, तर त्या मोकळ्या नसतात. त्या सोडून मूळ मजकूर वाचायचा. भाषांतराचंही तसंच, भाषांतर करणाऱ्याची साठ वर्षं वेगळी मोजायची. दुसरं, लिब्रिवॉक्ससारख्या ठिकाणी पाठवायचं असेल तर तिथं अमेरिकेचा कायदा बघतात. मोघम सांगायचं तर पुस्तक निघून पंचाण्णव वर्षं झालेली पाहिजेत. म्हणजे रमाबाईंचं पुस्तक तिथं चालेल, 'श्यामची आई'ला अजून थांबावं लागेल. पण आपल्या देशात, आपल्या रेडिओवर, ती आजच वाचता येते.

आणि आपल्यासाठी रेडिओ आहेच. 2006 साली सरकारनं सामाजिक संस्थांना स्वतःचं रेडिओ केंद्र चालवायला परवानगी दिली. 2008 साली तेलंगणात झहीराबादजवळ दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी त्याच वर्षी सुरू झाली. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू जाणारे हे रेडिओ. त्यावर टापूतल्याच बाईनं टापूतल्याच बोलीत पुस्तक वाचलं तर त्याहून चांगलं काय?

मी कसं करते तेही सांगते. आमचं घर पत्र्याचं, आवाज घुमतो. म्हणून मी कोपऱ्यात दोरीवर दोन गोधड्या टांगते आणि त्यांच्यामध्ये बसते. पंखा बंद. फोन वीतभर लांब, तोंडासमोर नाही, जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज येत नाही. आधी पुस्तकाचं नाव, लेखिकेचं नाव, प्रकरण सांगते. चुकलं तर थांबते, दोन श्वास घेते आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचते. पहाटे पाचची वेळ बरी. गिरणी सुरू झालेली नसते. कोंबडा मात्र आरवतो, त्याला इलाज नाही.

रमाबाईंचं पुस्तक मी असंच पूर्ण भरलं. त्यात त्यांनी लिहिलं आहे, की नवऱ्यानं त्यांना शिकवायला घेतलं, तेव्हा घरातल्या बायकांनीच त्यांना किती टोचून बोललं. त्या वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायच्या, त्यावरूनही टोमणे. तो भाग ऐकताना सासूबाईंनी हातानं फोन थांबवायची खूण केली. बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मीपण गोठ्यात बसून वाचायचे. शेण काढायला जाते म्हणून सांगायचे. तुझ्या आजेसासूला चालायचं नाही."

इतकी वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. पुस्तक ऐकलं म्हणून बोलल्या.

तुमच्या गटातही अशी एखादी असेल. कोणाची नजर गेलेली, कोणाला शाळाच दिसली नाही, कोणाचे हात दिवसभर कामात पण कान रिकामे. आणि तुमच्या गटात वाचता येणाऱ्याही आहेत. आमच्या गटातल्या पाच जणींनी आता 'श्यामची आई' वाटून घेतली आहे. एकीला तीन रात्री, एकीला चार, जमेल तशा. एक सहावी पुस्तक हातात धरून ऐकते आणि चुका सांगते. तुम्ही मुक्ता साळवेंच्या निबंधापासून सुरुवात करा. लहान आहे, एका सकाळी होतो. झाला की आधी घरातल्याच कोणाला तरी ऐकवा, आणि ती काय म्हणते ते पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.

येते मी. राम राम.